रिकाम्या खुर्च्यांचं मेज

योझियास आला की दिंगेना त्याच्यापुढे कॉफी ठेवत नसे. ते राहत त्या बेटावर याचा अर्थ तोंडावर दार आपटणं एवढाच होतो. तिथे विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही कॉफी मिळते, आणि जिच्याशी वर्षानुवर्षं अबोला आहे अशी शेजारीण दारात उभी राहिली तर तिलाही मिळते. पण सख्ख्या मोठ्या दिराला, त्यातून चर्चच्या मंडळीच्या पंचाला, दिंगेनाने कित्येक दिवसांत घोटभर विचारली नव्हती. योझियासच्या ते लक्षात आलं होतं, पण तो बोलून दाखवत नसे. काळी हॅट गुडघ्यावर ठेवून तो भावाच्या पलंगाशी बसे आणि सरळ कामाला लागे.

"क्राइन, काही घडलं का?"

हा प्रश्न प्रकृतीबद्दलचा नव्हता. प्रकृतीत काय घडतंय ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. क्राइनच्या पोटातली गाठ आता बाहेरून हाताला लागत होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि यंदाचे कांदे काढायला तो नसणार हे त्याने स्वतःच बायकोला सांगून टाकलं होतं. योझियास विचारत होता ते आत्म्याबद्दल. देवाने तुला धरल्याची एखादी खूण मिळाली का, असं त्याला विचारायचं होतं.

"नाही, दादा," क्राइन म्हणाला.

"काहीच नाही? एखादं वचन काळजात रुतलं असेल. प्रार्थना करताना काही जाणवलं असेल."

"घाम येतो नुसता."

योझियासने डोळे मिटले आणि जड मान नकारार्थी हलवली, जणू भावाने दिलेला हिशेब पुन्हा चुकला होता. "वेळ थोडा उरलाय, क्राइन. पलीकडचा काळ मात्र संपत नसतो. रडून माग त्याच्याकडे. पण देईलच असं मी म्हणणार नाही. ते त्याच्या मर्जीवर."

एवढं बोलून तो उठला. क्राइन आढ्याकडे बघत पडून राहिला. त्याच्या दोन्ही मुठींत पांघरूण घट्ट धरलेलं होतं. दिंगेनाने ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दिराच्या मागोमाग अंगणात आली.

"भावोजी, उद्यापासून येऊ नका."

योझियास सायकलचं कुलूप काढत होता. "मी देवाने नेमलेला पहारेकरी आहे, दिंगेना. मी सावध केलं नाही तर त्याचं रक्त माझ्या माथी येईल."

"आणि तुमची सायकल वाजली की तो ओकतो, ते कुणाच्या माथी?"

"भीती वाटायलाच हवी. भीतीशिवाय कुणी देवाकडे वळत नाही."

"साठ वर्षं घाबरतोय तो! अजून किती घाबरायचं त्याने? मरताना तरी सोडा त्याला."

"खोटा दिलासा देऊन भावाला नरकात पाठवू का मी?" योझियासचा आवाज चढला. अंगणात आवाज चढवणं त्याला शोभणारं नव्हतं. त्याने रस्त्याकडे एक नजर टाकली, हॅट नीट केली आणि समुद्राच्या बांधाच्या कडेने निघून गेला.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. त्या गावातली माणसं रविवारी दोनदा चर्चला जातात, त्या दिवशी कपडे वाळत घालत नाहीत, विमा उतरवत नाहीत, कारण विमा म्हणजे देवावर अविश्वास. पण तोच देव आपला आहे असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. तारण, म्हणजे मेल्यावर देवापाशी जागा, ते फक्त त्याने निवडलेल्यांचं, आणि आपण निवडलेले आहोत की नाही हे कळायला काहीतरी घडावं लागतं. कधी घडलं, कुठे घडलं, ते सांगता यावं लागतं. सांगता आलं नाही तर माणसाने बाकावर बसून राहायचं. चर्चच्या पुढच्या बाजूला वर्षातून चारदा पांढरी चादर घालून प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर खाऊन द्राक्षारस प्यायचं, लांबलचक मेज मांडलं जातं. सगळी मंडळी बसेल इतकं मोठं चर्च खच्चून भरलेलं असतं, आणि त्या मेजावर जाऊन बसतात ती डझनभर पांढऱ्या केसांची माणसं. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. बाकावरचे शेकडो लोक त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत पेपरमिंट चघळतात आणि घरी जातात. बाहेरच्या माणसाला हसू येईल. दिंगेनालाही कधीकधी यायचं, पण तिच्या गावात अशा गोष्टीवर हसणारीला लोक वेडी समजतात.

योझियासचं काय घडलं ते सगळ्यांना पाठ होतं. ऐन तारुण्यात तो बिटाच्या शेतात खुरपत असताना वादळ आलं, बांधावरच्या विलोच्या झाडावर वीज पडली, आणि तो चिखलात गुडघे टेकून रडला. उठला तेव्हा दुसरा माणूस होता. ही गोष्ट तो फार वेळा सांगत नसे, पण सांगितली की बायका रुमाल काढत. त्यात एक तपशील मात्र तो नेहमी गाळायचा. त्याच शेतात, त्याच सरीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊही खुरपं घेऊन उभा होता. वीज त्यानेही पाहिली. तो नखशिखान्त भिजला, त्याला सणसणून ताप आला आणि आठवडाभर आईने त्याला कांद्याचा काढा पाजला. बाकी काहीही झालं नाही.

क्राइनने हे आयुष्यात एकदाच बोलून दाखवलं होतं, लग्नानंतर लगेच. "देव त्या सरीत उतरला होता गं," तो म्हणाला होता. "दादापाशी थांबला. माझ्यापर्यंत आलाच नाही."

हा माणूस कुणाशी कधी खोटं बोलला नाही. त्याने कुणाच्या कांद्याला नाव ठेवलं नाही, आणि समुद्राचं पाणी बांध फोडून आलं त्या रात्री स्वतःची गुरं सोडून शेजाऱ्याची म्हातारी आधी उचलली. दिंगेनाला देवाबद्दल फारसं कळत नव्हतं, पण असा माणूस ओलांडून पुढे जाणारा देव असेल तर त्याच्याशी तिचं भांडण होतं, आणि ते भांडण ती भांडी घासताना रोज त्याच्याशी करत होती. जवळपास तीच तिची प्रार्थना होती.

त्या बुधवारी तिने क्राइनला भरवता भरवता सांगून टाकलं, "येत्या रविवारी भोजन आहे. मी मेजावर जाणार."

चमचा त्याच्या दातांवर आपटला. "काय?"

"मेजावर जाऊन बसणार."

क्राइन कोपरावर उठायला धडपडला. त्याच्या डोळ्यांत एक वेडी आशा चमकली आणि ते बघून तिला कसंसंच झालं. "तुझं काही घडलं? दिंगेना? मला का नाही बोललीस?"

"काहीही घडलेलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. तशीच जाणार."

"डोकं फिरलंय तुझं!" त्याने चमचा दूर सारला. "तसं खाणं म्हणजे स्वतःची शिक्षा खाणं आहे. पाळक दर वेळी सांगतात. माझ्यामागे तूही जाशील त्या... नको. ऐक माझं. मी इथे मरतोय ते पुरे नाही का तुला?"

"हे बघ." तिने वाटी खाली ठेवली. "तुझा भाऊ म्हणतो, खूण मिळाल्याशिवाय जायचं नाही. मला खूण नाही, तुलाही नाही. जे थकलेत, ओझ्याने वाकलेत त्यांनी यावं, असं तिथून वाचून दाखवतात ना दर वेळी? मी थकलेय. तू तर मरणाला टेकलायस. यात खूण कुठे मागितलीय? मी जाऊन बघते. मला काही झालं तर तुला कळेल की दादा खरा होता. नाही झालं तर तेही कळेल."

"आणि काही झालं तर?"

"तर आपण दोघं एकाच ठिकाणी असू," दिंगेना म्हणाली, "आणि तिथे तुझा भाऊ नसेल."

ती असं बोलली खरी, पण स्वयंपाकघरात गेल्यावर तिला खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागलं. लहानपणापासून जे कानांत ओतलं जातं ते एका रागाने धुऊन निघत नाही. 

गावाच्या मंडळीला स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. एरवी योझियासच कुणा फार जुन्या पाळकाचं प्रवचन मोठ्याने वाचून दाखवायचा. भोजनाच्या रविवारी मात्र बाहेरून पाळक यायचे. जे आजारी असत त्यांच्या घरी भिंतीवर एक लाकडी खोकं बसवलेलं असे. त्यातून चर्चमधला आवाज तारेवरून थेट अंथरुणापर्यंत पोचायचा. दिंगेनाने क्राइनची उशी त्या खोक्याकडे वळवली, काळी टोपी डोक्यावर चढवली आणि निघाली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

पाहुणे पाळक उंच, फिकट गृहस्थ होते. त्यांनी आधी मेजाला कुंपण घातलं. म्हणजे कुणी यायचं नाही ते एकेक करून सांगितलं. मूर्तिपूजकांनी यायचं नाही, शपथ मोडणाऱ्यांनी, भांडखोरांनी यायचं नाही. भांडखोर म्हटल्यावर दिंगेनाने मनातल्या मनात हात वर केला. मग त्यांनी, ज्यांना आपल्यातल्या कृपेच्या कामाची खात्री नाही त्यांनीही जपून राहावं, असं बराच वेळ सांगितलं. खरं तर नियमाने कुणालाच मनाई नव्हती. तिने तरुणपणी सगळ्यांसमोर विश्वास कबूल केला होता, तेवढं पुरेसं होतं. पण लिहिलेली मनाई असती तर कुणीतरी ती कधी मोडलीही असती. ही कुणी लिहिलेलीच नव्हती, म्हणून ती इतकी पक्की होती.

स्तोत्र सुरू झालं. ते लोक स्तोत्र इतकं संथ गातात की एका ओळीत माणूस शेताला फेरी मारून येईल. नेहमीची म्हातारी मंडळी एकेक करून उठली, योझियास त्यांच्यात पहिला. दिंगेना उठली. तिच्या बाकावरच्या बायकांना वाटलं, तिला बरं वाटत नाहीये, बाहेर जायचं असेल. त्यांनी गुडघे बाजूला केले. ती मधल्या वाटेवर आली आणि दाराकडे वळण्याऐवजी पुढे चालू लागली.

गाणं थांबलं नाही, पण पातळ झालं. एकेक बाक गायचं विसरत गेलं. तिला फक्त तिच्या स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. परत फिर, असं तिचे पाय सांगत होते. पुढे मेजाशी तोना नावाच्या म्हातारीशेजारी खुर्ची रिकामी होती. ती तिथे बसली. तोनाने झगा आवरून घेतला, जणू शेजारी कुत्रं ओलं होऊन आलंय. समोर योझियास होता. त्याचा चेहरा मेजावरच्या चादरीसारखा पांढरा झाला होता आणि ओठ हलत होते. तो गात होता की आणखी काही म्हणत होता, देव जाणे.

भाकर आली. तिने घेतली, खाल्ली. मग प्याला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असा फिरत आला. तोना प्याली. तिने तो दिंगेनाच्या हातात दिला नाही. मेजावर ठेवून दिला, तोही आपल्या पलीकडच्या बाजूला, आणि मांडीवर हात घेऊन बसली. शेकडो डोळे बघत होते. पाळकांनी नजर पुस्तकात घातली. इथे दिंगेना रडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. पण त्या म्हातारीचे आवळलेले ओठ बघून तिला भीती वाटायचीच राहून गेली. तिने तोनाच्या पुढून हात लांब केला, प्याला उचलला आणि प्याली.

मग ती वाट बघत बसली. आता छत कोसळेल, नाहीतर काळजात काहीतरी उजळेल. द्राक्षारस आंबट होता. कुणीतरी खोकलं. तिच्या दाढेत भाकरीचा कण अडकला होता आणि तो जिभेने काही निघत नव्हता. एवढंच झालं.

चर्च सुटलं. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी असे वाहून गेले की रस्त्यात मेलेलं जनावर पडलंय असं वाटावं. घराच्या वाटेवर तिने एक खोटं तयार केलं. छान खोटं होतं ते. प्याला ओठाला लागला आणि छातीत ऊब पसरली, आणि आवाज आला, तुझ्या नवऱ्यालाही मी ओळखतो. क्राइन त्यावर विश्वास ठेवणार होता. तो शांतपणे मरणार होता. यात वाईट काय होतं? फाटकापाशी पोचेपर्यंत तिला ते खोटं जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

तो उशीवरून मान वळवून दाराकडेच बघत होता. खोक्यातून त्याने सगळं ऐकलं होतं, पण ऐकून दिसत थोडंच?

"गाणं मध्येच बसलं," तो म्हणाला. "ते तुझ्यामुळे?"

"हो."

"गेलीस?"

"गेले. बसले. खाल्लं, प्याले."

"आणि?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. हाडांवर नुसती कातडी उरली होती आणि त्यात ते भुकेले डोळे. तिने तोंड उघडलं, आणि जन्मात खोटं न बोललेल्या माणसाशी तिला खोटं बोलवेना.

"काही नाही, क्राइन."

"काही नाही म्हणजे?"

"काही म्हणजे काही नाही. ऊब नाही, उजेड नाही, आवाज नाही. भाकर भाकरीसारखी लागली. दाढेत अडकली. वीजही पडली नाही. माझ्यात काहीही घडलं नाही, कधीच घडलेलं नाही. तरी मी खाल्लं."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. दिंगेनाला वाटलं, आपण याला मारून टाकलं. याची आधाराची होती तेवढीही काडी आपण काढून घेतली.

"का खाल्लंस मग?" त्याने हळूच विचारलं.

"बोलावलं होतं म्हणून. माझ्याकडे दुसरं काही नाही. त्याने ये म्हटलंय, मी गेले. तो खोटारडा निघाला तर निघाला."

"आणि हे चालतं?"

"मला काय माहीत चालतं की नाही! मी खाल्लं आणि जिवंत घरी आले."

तेव्हा क्राइनचा चेहरा बदलला. तिने तो चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"म्हणजे मलाही जाता आलं असतं!" तो ओरडला. ओरडला म्हणजे जेवढा आवाज उरला होता तेवढ्याने. "सगळा जन्म! सगळा जन्म मी त्या बाकावर बसून खूण कधी येते ते बघतोय, आणि ते मेज तिथे मांडलेलं! खुर्च्या रिकाम्या! कुणी सांगितलं नाही मला? तू का नाही गेलीस आधी? वीस वर्षांपूर्वी का नाही उठलीस? आता उठतेस, मला पाय नाहीत तेव्हा?"

"घाबरत होते."

"घाबरत होते म्हणे! आणि मी काय करत होतो? आणि तो दादा! रोज येतो, काही घडलं का, काही घडलं का! अरे, माझ्यात काय घडायचंय? मी कांदे पिकवणारा माणूस!" त्याने उशीवर बुक्की मारली. ती लेकराने मारल्यासारखी लागली. "सगळे चोर. तूसुद्धा."

नवऱ्याने अशी शिव्यांची लाखोली वाहावी आणि बायकोला आनंद व्हावा, असं फार थोड्या घरांत होत असेल. दिंगेना पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. कितीतरी दिवसांनी त्याच्या मुठी सुटल्या होत्या. रागाच्या भरात घाबरायचं तो विसरून गेला होता.

दुपारच्या उपासनेनंतर योझियास आला. दार वाजवलं नाही, सरळ आत आला आणि दिंगेनाकडे न बघता भावाला म्हणाला, "तुझ्या बायकोने आज काय केलं ते कळलं तुला?"

"कळलं."

"प्रभूच्या मेजाचा अपमान केला तिने. मंडळी तिला जाब विचारणार. मी तिची बाजू घेऊ शकत नाही."

"घेऊ नकोस," क्राइन म्हणाला. "दादा, मलाही खायचंय. भाकर आण माझ्यासाठी. पाळक अजून गावात असतील."

योझियास खुर्चीत बसला नाही, कोसळला. "तुझं... काही घडलं?"

"नाही."

"क्राइन, मग कशाच्या जोरावर?"

"त्याच्या जोरावर. माझ्याकडे जोर कुठला?"

"हे असं नसतं! ही खात्री नाही, हा उद्धटपणा आहे. चुकलास तर? विचार कर. चुकलास तर कुठे जाशील?"

"चुकलो तर त्याच्या हातात पडेन. तुझ्या नाही ना पडणार?"

योझियासने हॅटची कड दोन्ही हातांत धरून पिरगाळली. एवढा करडा माणूस, पण त्याची हनुवटी कापत होती. "मला तू तिथे हवा आहेस रे," तो म्हणाला. "म्हणून तर रोज विचारतो. मी पलीकडे गेलो आणि तू नसलास तर..."  दिंगेनाला त्या क्षणी त्याची दया आली, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"मग आण ना भाकर," क्राइन म्हणाला.

 "मेज घरी येत नसतं," योझियास शेवटी म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "आपल्यात ते चालत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." क्राइनने डोळे मिटून घेतले. तो दमला होता, आणि त्याचे हात पांघरुणावर उघडे पडले होते. "ठीक आहे. उपाशीच जाईन मग. पण बोलावलेला म्हणून जाईन, दादा. जाऊन विचारीन त्याला, त्या सरीत माझ्यापर्यंत का आला नाहीस. काहीतरी उत्तर असेलच त्याच्याकडे."

योझियास उभा राहिला, पण त्याचा पाय दाराकडे निघेना. दिंगेनाने त्याच्यासाठी दार उघडून धरलं आणि तो जाईपर्यंत तशीच धरून उभी राहिली.